कीबोर्ड आणि टचपॅड एकदम गेले? आधी लॅपटॉप स्वतःला काय समजतोय ते बघा

कॉलेज रोडवरचे क्लास असोत, अंबड-सातपूरच्या कंपन्यांमधली ऑफिसं असोत की घरात ऑनलाइन शिकणारी मुलं असोत, स्क्रीन मागे पूर्ण उलटी फिरवून टॅब्लेटसारखा वापरायचा लॅपटॉप आता नाशिकमध्ये नवलाईचा राहिलेला नाही. एचपी एक्स३६०, लेनोवो योगा, डेल टू-इन-वन, एसर स्पिन, असूस फ्लिप ही त्यातली नेहमीची नावं. आणि यांची नेहमीची तक्रारही ठरलेली: रात्री चांगला होता, सकाळी उघडला तर ना कीबोर्ड चालतो, ना टचपॅड.

थेट दुकान गाठलं की बऱ्याचदा ‘कीबोर्ड गेलाय, बदलावा लागेल’ असा निकाल मिळतो. यातल्या अनेक मॉडेल्समध्ये कीबोर्ड वरच्या पॅनलला आतून बारीक रिव्हेटनी पक्का केलेला असतो. म्हणजे कीबोर्ड बदलणं याचा अर्थ अख्खं पॅनल बदलणं. तो खर्च सगळ्यात शेवटी करायचा. माझं मत सरळ आहे: अशा उलट्या वळणाऱ्या, म्हणजे कन्व्हर्टिबल लॅपटॉपमध्ये कीबोर्ड आणि टचपॅड एकाच वेळी बंद पडले असतील, तर ते बिघडलेत असं धरूच नका. त्यांना कोणीतरी गप्प बसवलंय असं धरून चौकशी सुरू करा. दोन वेगळे भाग, दोन वेगळ्या केबली, एकाच रात्रीत दोन्ही मरतील कशाला?

म्हणून पहिला प्रश्न हाच. दोन्ही गेलेत की एकच? एकच गेलं असेल तर पुढचे दोन भाग सोडून खाली या.

गप्प कोण बसवतं?

२०१२ साली लेनोवोने पहिला आयडियापॅड योगा दाखवला तेव्हापासून या यंत्रांपुढे एक अडचण आहे. स्क्रीन मागे वळवून हातात धरली की बोटं नेमकी कीबोर्डवर पडतात. मग काहीतरी टाइप होत राहणार. त्यावर उपाय म्हणून स्क्रीन साधारण १८० अंशांच्या पुढे गेली की यंत्र कीबोर्ड आणि टचपॅड आपणहून बंद करतं.

स्क्रीन कुठे आहे हे कळायला दोन पद्धती वापरतात. एक म्हणजे चुंबक आणि हॉल सेन्सर. स्क्रीनच्या कडेत बारीक चुंबक असतात, खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर असतो. दुसरी पद्धत म्हणजे दोन ॲक्सेलरोमीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणावरून झुकाव ओळखणारे सेन्सर, एक स्क्रीनमागे आणि एक कीबोर्डखाली. दोघांच्या रीडिंगमधल्या फरकावरून कोन काढला जातो. काही यंत्रांत दोन्ही असतात.

दोन्ही पद्धती फसतात, पण वेगवेगळ्या प्रकारे. चुंबकाची पद्धत बाहेरच्या चुंबकाने फसते. ॲक्सेलरोमीटरची पद्धत लॅपटॉप पुस्तकासारखा उभा धरला की गोंधळते, कारण बिजागरीच उभी झाल्यावर गुरुत्वाकर्षणावरून कोन काढता येत नाही. अंथरुणात आडवं पडून लॅपटॉप वापरणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो.

आणखी एक गोष्ट दुकानात फारशी कोणी सांगत नाही. स्क्रीनमधल्या सेन्सरची तार बिजागरीतून खाली येते. बिजागरी ढिली झाली, करकरायला लागली आणि त्यानंतर कीबोर्ड बंद पडू लागला, तर संशय कीबोर्डवर नाही, त्या तारेवर घ्यायचा.

लॅपटॉपलाच विचारा

यंत्र स्वतःला टॅब्लेट समजतंय का, हे दोन मिनिटांत कळतं. त्यासाठी कीबोर्ड लागत नाही, टचस्क्रीन पुरते. कन्व्हर्टिबल घेतल्याचा हा खरा फायदा.

१. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. मांडीवर नको, गादीवर नको. स्क्रीन नेहमीसारखी, काटकोनापेक्षा जराशी मागे.

२. बोटाने स्टार्ट, मग सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले इथे जा. खाली ‘रोटेशन लॉक’ नावाचं बटण दिसेल. बहुतेक यंत्रांत लॅपटॉपच्या अवस्थेत ते फिकट करडं असतं, दाबता येत नाही. ते दाबता येत असेल, तर यंत्र स्वतःला टॅब्लेट समजतंय.

३. खात्रीसाठी लॅपटॉप हळूच एका बाजूवर उभा करा. स्क्रीनवरचं चित्र फिरलं, तर निदान पक्कं.

४. आणखी एक खूण. कुठल्याही लिहायच्या चौकटीवर बोट टेकवल्यावर स्क्रीनवरचा कीबोर्ड आपोआप वर येतो. विंडोज ११ मध्ये टास्कबारची चिन्हंही टॅब्लेटच्या अवस्थेत एकमेकांपासून दूर सरकतात.

विंडोज १० वाल्यांसाठी एक खुलासा. तिथे उजवीकडून बोट ओढल्यावर ‘टॅब्लेट मोड’ची टाइल येते आणि पुष्कळ जण ती चालू-बंद करत बसतात. ती टाइल फक्त पडद्याची मांडणी बदलते. कीबोर्ड बंद करणारा सेन्सर वेगळा, त्याला त्या टाइलशी देणंघेणं नाही. विंडोज ११ मध्ये ती टाइलच नाही.

आता समजा, निदान ‘टॅब्लेट’ असंच निघालं. पुढचा क्रम असा.

आधी आजूबाजूचे चुंबक हटवा. मनगटावरच्या स्मार्टवॉचचा चुंबकी पट्टा, चुंबकी पट्टीचं मोबाइल कव्हर, टॅबचं कव्हर, इअरबडची डबी, चुंबकी फासाचं ब्रेसलेट. लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवलाय का तेही बघा, कारण खालच्या स्क्रीनमधले चुंबकही वरच्याला फसवू शकतात. एमआयडीसीत शॉप फ्लोअरवर वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. लोखंडाचा बारीक कीस त्या चुंबकांच्या जागी येऊन चिकटतो. स्क्रीनच्या कडा आणि पाम रेस्टच्या, म्हणजे तळहात टेकायच्या जागेच्या कडा कोरड्या ब्रशने साफ करा, मग चिकटपट्टीने उचला. फुंकर मारू नका, तो कीस कीबोर्डच्या फटीत जाईल.

मग स्क्रीन हळूहळू पूर्ण ३६० अंश मागे न्या, तिथे क्षणभर थांबा आणि तितक्याच हळू परत आणा. सेन्सर अर्ध्यात अडकला असेल तर पुष्कळदा एवढ्यानेच सुटतो. बिजागरी घट्ट वाटली किंवा कटकट आवाज आला तर जोर लावू नका.

नाहीच जमलं, तर रीस्टार्ट. इथे एक बारीक मेख आहे. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र पूर्ण बंद होतंच असं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज आपल्या आतल्या भागाची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं, गोंधळासकट. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून ‘चार वेळा बंद करून चालू केला, काही फरक नाही’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, रीस्टार्ट केला का?

त्यापुढची पायरी म्हणजे उरलेली वीज काढून टाकणं. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पेन ड्राइव्ह आणि माऊस काढा, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. कीबोर्ड, सेन्सर आणि बॅटरी सांभाळणारी एक छोटी चिप मदरबोर्डवर असते, ती यामुळे नव्याने सुरू होते. काही मॉडेल्सच्या तळाला सुई जाईल एवढं रीसेटचं भोक असतं. पण तळाला माईकचंही भोक असू शकतं, त्यामुळे शेजारचं चिन्ह वाचल्याशिवाय पिन खुपसू नका.

यानंतर ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि यंत्राचे भाग यांच्यातलं दुभाष्याचं सॉफ्टवेअर. स्टार्टवर बोट दाबून धरलं की येणाऱ्या यादीत ‘डिव्हाइस मॅनेजर’ असतं. त्यात ‘इंटेल एचआयडी इव्हेंट फिल्टर’, ‘इंटेल व्हर्च्युअल बटन्स’, ‘जीपीआयओ लॅपटॉप ऑर स्लेट इंडिकेटर’ किंवा सेन्सरच्या नावाची एखादी ओळ पिवळ्या त्रिकोणासह दिसते का बघा. लॅपटॉपची अवस्था विंडोजला कळवणारी मंडळी हीच. विंडोज मोठा अपडेट घेतल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर यांच्यावर दाट संशय घ्या. ड्रायव्हर नेहमी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, तळाशी छापलेला सीरियल नंबर टाकून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असं सांगणारी सॉफ्टवेअर नकोत. नको ते बदलून ठेवतात.

बायॉस म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारं, मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर. त्याच्या अपडेटनेही काही वेळा हा प्रश्न सुटतो, पण ते घाईत करायचं काम नाही. बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि बायॉस अर्धवट लिहिलं गेलं तर लॅपटॉप चालूच होणार नाही. त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची, रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधून कागदावर उतरवून ठेवा. बायॉस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं.

फक्त कीबोर्ड

टचपॅड ठीक, कीबोर्ड बंद किंवा चमत्कारिक. आधी ‘बंद’ आणि ‘चमत्कारिक’ यांत फरक करा.

भलतीच अक्षरं उमटत असतील तर भाषा बदललीय का बघा. मराठी टायपिंग करणाऱ्यांच्या यंत्रात इंग्रजीबरोबर मराठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक टाकलेलं असतं आणि विंडोज की व स्पेसबार एकत्र दाबले गेले की भाषा बदलते. काही यंत्रांत डावा आल्ट आणि शिफ्टनेही बदलते. मुक्त विद्यापीठाचा असाइनमेंट मराठीत लिहून झाला, दुसऱ्या दिवशी लॉगिनला इंग्रजी पासवर्ड घेईना, म्हणजे कीबोर्ड खराब, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे भाषेचं चिन्ह असतं, तिथे बदला.

जे, के, एल दाबल्यावर १, २, ३ येत असतील तर नम लॉक चालू आहे. एफ १ ते एफ १२ या कळा आवाज-उजेड बदलत असतील किंवा उलट होत असेल, तर एफएन लॉक. अनेक यंत्रांत ते एफएन आणि एस्केप एकत्र दाबून बदलतं.

कळ बराच वेळ दाबून धरली तरच अक्षर उमटतं, अशी तक्रार असेल तर ‘फिल्टर कीज’ चालू झालंय. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली की विंडोज ते चालू करू का असं विचारतं, आणि घाईत आपण ‘हो’ म्हणून मोकळे होतो. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, तिथे बंद करा. तिथेच ‘स्टिकी कीज’ही बघून घ्या.

एकही कळ चालत नसेल तर दोन चाचण्या. पहिली म्हणजे बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावा. लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल तर मोबाइलचा साधा ओटीजी कन्व्हर्टर चालतो. बाहेरचाही चालला नाही तर दोष बहुधा विंडोजचा. बाहेरचा चालला तर दुसरी चाचणी, बायॉसमध्ये जाऊन बघायचं. टचस्क्रीनवरून सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टअप’ असं जा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. हेच बायॉस, तिथे विंडोज नसतं. तिथे लॅपटॉपच्या बाणाच्या कळा चालल्या, तर कीबोर्ड ठणठणीत आहे आणि काम विंडोजमध्ये करायचंय.

साध्या लॅपटॉपमध्ये ही चाचणी शेवटचा शब्द असते. कन्व्हर्टिबलमध्ये नाही. सेन्सरने कीबोर्ड बंद करण्याचं काम पुष्कळदा मदरबोर्डवरची, कीबोर्ड सांभाळणारी छोटी चिप करते, विंडोज नव्हे. त्यामुळे सेन्सर अडकला असेल तर बायॉसमध्येही कीबोर्ड मुका राहतो. ‘बायॉसमध्ये चालत नाही म्हणजे कीबोर्ड गेला’ हे वाक्य या यंत्रांबाबत कोणी म्हणालं तर मान डोलवू नका. आधी वरची रोटेशन लॉकची परीक्षा झालीच पाहिजे.

दोष विंडोजचा निघाला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कीबोर्ड्स’ उघडा, आतल्या कीबोर्डच्या ओळीवर बोट दाबून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि रीस्टार्ट करा. विंडोज तो पुन्हा ओळखतं. टचस्क्रीनच्या ओळीला मात्र हात लावू नका. या घडीला तोच तुमचा हात आहे.

एखाद-दुसरीच कळ अडकते किंवा दोनदा उमटते? लॅपटॉप तंबूसारखा उभा करून हलकेच थोपटा, मऊ ब्रश फिरवा. कळ नखाने उपटू नका. खालचे कात्रीसारखे प्लास्टिकचे दुवे नाजूक असतात आणि तेवढेच सुटे मिळवायला फार हिंडावं लागतं. एका ओळीतल्या चार-पाच कळा मिळून मेल्या असतील तर तो खरा हार्डवेअरचा दोष आहे. आतला एक मार्ग तुटलाय.

फक्त टचपॅड

सगळ्यात आधी वरच्या ओळीतल्या एफ कळांवर टचपॅडचं चिन्ह शोधा. एफएनसह किंवा एफएनशिवाय ती कळ टचपॅड चालू-बंद करते, आणि स्क्रीन पुसताना ती हमखास दाबली जाते. मग सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, त्यात टचपॅड. इथे एक खूण असते, माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायचा की नाही. ती काढलेली असेल आणि बॅगेतल्या वायरलेस माऊसचा छोटा रिसीव्हर पोर्टातच राहिला असेल, तर टचपॅड बंदच दिसणार. असूसच्या काही मॉडेल्समध्ये कोपऱ्यातल्या चिन्हावर बोट धरलं की टचपॅडवर आकडे उजळतात आणि टॅप केल्यावर आकडे उमटू लागतात. तो बिघाड नाही, सोय आहे. त्याच कोपऱ्यावर पुन्हा बोट धरा.

स्लीपमधून उठल्यावरच टचपॅड मरतो आणि रीस्टार्टने जिवंत होतो? डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’खाली ‘आयटूसी एचआयडी डिव्हाइस’ शोधा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करण्याची परवानगी काढून घ्या. पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ दिसला तर ‘सिस्टीम डिव्हायसेस’मधला ‘सीरियल आयओ’ नावाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून पुन्हा टाका. टचपॅड त्याच रस्त्याने प्रोसेसरशी बोलतो.

कर्सर थरथरतो, उड्या मारतो, आपणहून क्लिक करतो. ही तक्रार वेगळी आणि हिचं मूळ बऱ्याचदा लॅपटॉपच्या बाहेर असतं. चार्जर काढून बघा. बॅटरीवर शांत आणि चार्जरवर वेडापिसा होत असेल तर अर्थिंग किंवा चार्जर. टचपॅड बोटामुळे होणारा विजेचा अगदी सूक्ष्म फरक मोजतो, चार्जरमधून येणारी गडबड त्यात मिसळते. रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत जिथे वायरिंग कधी बदललेलंच नाही तिथे सॉकेटला तीन भोकं दिसली तरी मागे अर्थिंगची तार असेलच असं नाही. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हात फिरवताना झिणझिण्या येत असतील तर हीच शंका. दुसऱ्या, अर्थिंगची खात्री असलेल्या जागी लावून बघा. थ्री-पिनच्या चार्जरला टू-पिनचा कन्व्हर्टर लावला असेल तर काढून टाका. नकली चार्जरही हेच करतो.

चार्जर काढूनही उड्या थांबत नसतील तर दोषी टचपॅड नसून टचस्क्रीन असू शकते. काचेवर तडा, कडेला साचलेला ओलावा किंवा खराब तार यामुळे स्क्रीनला नसलेली बोटं जाणवतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘एचआयडी कम्प्लायंट टचस्क्रीन’ तात्पुरती डिसेबल करा, अर्थात माऊस जोडून झाल्यावरच. कर्सर शांत झाला तर टचपॅड निर्दोष.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. टचपॅड क्लिक होत नाही, दाबायला कडक लागतो, एका बाजूने वर आलाय, लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतो किंवा झाकण नीट मिटत नाही. यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगलीय असंच धरा. ती बहुतेक लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या भागाखाली असते. लॅपटॉप ताबडतोब बंद करा, चार्जर काढा, पुन्हा लावू नका. टचपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली किंवा वाकली तर पेट घेऊ शकते. स्क्रू उघडून स्वतः काढायचीही नाही. उन्हात तापलेल्या गाडीत न ठेवता थेट दुरुस्तीला न्या आणि जुनी बॅटरी कचऱ्याच्या घंटागाडीत न टाकता ई-कचऱ्यात द्या.

चहा सांडला तर

पॉवरचं बटण दाबून धरून लगेच बंद. चार्जर काढा. स्क्रीन मागे वळवून लॅपटॉप, कीबोर्डचं तोंड खाली येईल असा टॉवेलवर ठेवा. कन्व्हर्टिबलला हे फार छान जमतं. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपयोग नाही, उलट पोर्टात दाणे आणि पीठ जातं. गरम ड्रायरही नको. पाणी असेल तर वाळेल, पण दुधाचा गोड चहा वाळून चिकट थर ठेवतो, तो उघडून साफच करावा लागतो. ‘चालू होतोय का बघू’ म्हणून मध्येच बटण दाबण्याने जितके मदरबोर्ड जातात तितके चहाने जात नसावेत.

लिनक्स वापरत असाल तर

उबुंटू किंवा मिंटमध्ये टॅब्लेटची खूण आली की लिबइनपुट हा लिनक्सचा कीबोर्ड-माऊस सांभाळणारा भाग कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही बंद करतं. बाहेरचा कीबोर्ड जोडून ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ ही आज्ञा सुडोसह चालवा. स्क्रीन पुढे-मागे करताना टॅब्लेट मोडची स्थिती बदलते की अडकून राहते ते समोर दिसतं. विंडोजवाल्यांनाही उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह उपयोगी पडतो: त्यात सगळं चाललं तर विंडोजचा दोष, नाही चाललं तर निकाल राखून ठेवा.

दुकानात जाताना

वॉरंटी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच, स्वतः एकही स्क्रू न उघडता. वॉरंटी संपली असेल तर एम. जी. रोड, कॅनडा कॉर्नर, जिथे तुमचा विश्वासाचा माणूस असेल तिथे. आधी डेटाचा बॅकअप घ्या. टचस्क्रीन चालतेय तोवर हे सोपं आहे.

काउंटरवर ‘कीबोर्ड चालत नाही’ एवढंच सांगू नका. रोटेशन लॉक फिकट आहे की नाही, बायॉसमध्ये काय झालं, बाहेरचा कीबोर्ड चालला का, चार्जर काढल्यावर फरक पडला का, हे लिहून न्या. कीबोर्ड बदलायचाच ठरला तर विचारा की नुसता कीबोर्ड येतो की वरच्या पॅनलसकट, तो तुमच्याच मॉडेलचा आहे का, आणि बिजागरीतली सेन्सरची तार तपासली का. जुना भाग परत मागा.

आणि दुरुस्तीनंतर लॅपटॉप परत घेताना दुकानातच स्क्रीन पूर्ण मागे वळवा. उलट्या अवस्थेत कळा मुक्या व्हायला हव्यात, सरळ आणल्यावर दोन-तीन सेकंदांत बोलू लागायला हव्यात. उलट्या अवस्थेतही टाइप होत राहिलं तर सेन्सरची तार जोडायची राहून गेली असेल, तिथल्या तिथे पुन्हा उघडायला सांगा.